दारावरची फुली



मागच्या पाठात आपण ग्रामसभेची सूचना वाचायला शिकलो. आज बातमी वाचायला शिकू. वर्तमानपत्रातली मोठी बातमी नव्हे, अगदी जवळची बातमी.

तालुक्याच्या गावी बहुधा एखादा सेवा क्लब असतो. असे क्लब आपले छोटेसे पत्रक काढतात. त्यात क्लबच्या बातम्या आणि सदस्यांनी केलेली कामे छापलेली असतात. असे पत्रक दवाखान्याच्या बाकावर किंवा वाचनालयाच्या टेबलावर पडलेले दिसते. त्याला फारसे कोणी हात लावत नाही. आज आपण ते उचलू आणि वाचू.

क्लब म्हणजे काय?

क्लब म्हणजे मंडळ. ठरलेल्या दिवशी ठरलेल्या कामासाठी एकत्र जमणारी माणसे. आपल्याकडे भजनी मंडळ असते, तालीम असते, तसेच हे.

अमेरिकेत शिकागो नावाचे मोठे शहर आहे. तिथे २३ फेब्रुवारी १९०५ रोजी चार माणसे एका कचेरीत जमली. एक वकील, एक कोळशाचा व्यापारी, एक खाणीचा इंजिनियर आणि एक शिंपी. वकिलाचे नाव पॉल हॅरिस. मोठ्या शहरात माणूस एकटा पडतो. चार स्नेही असावेत, एकमेकांच्या धंद्याला हातभार लागावा, एवढाच त्यांचा हेतू होता. आज याच्या कचेरीत, पुढच्या खेपेला त्याच्या कचेरीत, अशी त्यांची बैठक फिरत असे. इंग्रजीत फिरण्याला ‘रोटेट’ म्हणतात. त्यावरून क्लबचे नाव पडले रोटरी.

पण नुसते आपल्यापुरते पाहून मन भरेना. १९०७ सालापासून त्यांनी शहरात लोकांसाठी स्वच्छतागृह व्हावे म्हणून खटपट सुरू केली. ध्यानात घ्या, सेवेचे पहिले काम देऊळ बांधण्याचे नव्हते की पुतळा उभारण्याचे नव्हते. बाजाराला आलेल्या माणसाची अडचण दूर करण्याचे होते.

पुढे हे क्लब देशोदेशी पसरले. आपल्या देशात कलकत्त्याला १९२० साली आणि मुंबईला १९२९ साली रोटरी क्लब झाला. त्याच शिकागोत १९१७ साली मेल्विन जोन्स या विमा व्यवसायातल्या गृहस्थाच्या पुढाकाराने लायन्स क्लब निघाले. हेलन केलर ही विदुषी लहानपणीच दृष्टी आणि श्रवण गमावून बसली होती. तिने १९२५ साली लायन्सच्या अधिवेशनात जाऊन, अंधांसाठी काम करा, अशी विनंती केली. तेव्हापासून त्यांनी ते काम हाती धरले. आपल्या भागात मोतीबिंदूची शिबिरे होतात, त्यांत लायन्सचे नाव अनेकदा दिसते ते यामुळेच.

एक गोष्ट मात्र सांगितली पाहिजे. सेवेची भाषा करणाऱ्या या मंडळींनी बायांना कित्येक वर्षे सदस्य करून घेतले नाही. रोटरीचे दार स्त्रियांना सगळीकडे उघडले ते १९८९ साली. म्हणजे चौऱ्याऐंशी वर्षांनी! चांगल्या कामातही कोणीतरी बाहेर राहून जाते. आजच्या पाठात हीच गोष्ट आपल्याला शिकायची आहे.

बातमी वाचताना चार प्रश्न

पत्रकात बातम्या दोन तऱ्हेच्या असतात. पहिली अशी: अमुक पाहुणे आले, हार घातले, नारळ फोडला, भाषण झाले, चहापान होऊन कार्यक्रम संपला. ही समारंभाची बातमी. दुसरी कामाची बातमी. ती ओळखायला चार प्रश्न विचारावे.

काम कोणासाठी केले? 
नेमके काय केले? 
किती झाले? 
किती राहिले?

पहिल्या तीन प्रश्नांची उत्तरे बहुधा मिळतात. चौथ्याचे उत्तर क्वचितच छापलेले असते. हा चौथा प्रश्न मी कुठे शिकलो ते सांगतो. त्यात माझीच चूक आहे, म्हणून जरा संकोच वाटतो. पण मास्तराने मुलांच्या चुका जन्मभर लाल शाईने दाखवाव्या आणि आपली झाकून ठेवावी, हे बरे नव्हे.

दोन थेंब

पोलिओ हा लहान मुलांचा फार वाईट रोग. त्याचे विषाणू रोग्याच्या विष्ठेतून पाण्यात, हातांवर, अन्नावर येतात आणि तोंडावाटे पोटात जातात. पुष्कळ मुलांना काही कळतही नाही. पण लागण झालेल्या सुमारे दोनशे मुलांत एकाचा पाय किंवा हात कायमचा लुळा पडतो. त्यावर औषध नाही. एकच उपाय, आधी लस देणे.

रोटरीने १९७९ साली फिलिपिन्स देशात मुलांना ही लस पाजण्याचे काम घेतले. १९८५ साली साऱ्या जगासाठी मोहीम जाहीर केली. १९८८ साली जागतिक आरोग्य संघटना आणि अनेक देशांची सरकारे या कामात उतरली. त्या वर्षी जगात सुमारे साडेतीन लाख मुलांना हा रोग झाला असावा, असा अंदाज होता. आपल्या देशात १९९५ सालापासून पल्स पोलिओ सुरू झाले. ठरलेल्या रविवारी पाच वर्षांखालच्या प्रत्येक मुलाला दोन थेंब. लस सरकारची, नर्सबाई सरकारच्या. अंगणवाडीच्या ताई आणि आम्ही शिक्षक मदतीला. आमच्या गावच्या सेवा क्लबचे सदस्यही येत. कोणी मंडप देई, कोणी जीप देई. कोणी बूथवर बसून मुलांची नोंद करी.

या कामात अक्षरांपेक्षा खुणा जास्त. लसीच्या कुपीवर एक वर्तुळ असते आणि त्यात एक चौकोन. चौकोन फिकट आहे तोवर लस चांगली. उष्णतेने तो वर्तुळाइतका गडद झाला की कुपी टाकून द्यायची. मुलाला थेंब पाजले की डाव्या करंगळीवर शाईची खूण. रविवारनंतर पुढचे काही दिवस घरोघर जायचे. घरातली सगळी मुले झाली तर दाराशी खडूने इंग्रजी ‘पी’ काढायचा. एकही मूल राहिले, घर बंद असले किंवा घरच्यांनी नाही म्हटले, तर फुली. फुलीच्या घरी पुन्हा जायचे. म्हणजे फुली हा शिक्का नव्हे बरे का. परत येतो, असा तो निरोप आहे.

माझी चूक

गोष्ट २००४ सालच्या फेब्रुवारीतली. माझे अक्षर बरे, म्हणून क्लबचे पत्रक लिहून देण्याचे काम माझ्याकडे होते. घरोघरचे काम संपत आले तशी मी बातमी लिहिली: ‘आमच्या विभागातील पोलिओचे काम शंभर टक्के पूर्ण. एकही बालक राहिले नाही.’ पत्रक छापून आले. बैठकीत मी ती बातमी मोठ्याने वाचली. टाळ्या पडल्या.

एक सदस्य मात्र टाळ्या वाजवीनात. त्यांचे शिवणकामाचे दुकान होते. ते सावकाश उठले आणि म्हणाले, “गुरुजी, बातमी खरी नाही. काल मी ओढ्यापलीकडं गेलो होतो. ऊसतोडीच्या तळावर गाड्यांच्या फळ्यांवर फुल्या आहेत.”

कोपीला दार नसते, भिंतही नसते. पाचटाची झोपडी ती. म्हणून आमच्या माणसांनी बैलगाडीच्या फळीवर खडूने फुली काढली होती. माणसे पहाटेच फडात गेलेली, मुले त्यांच्या बरोबर. दुपारी तळ रिकामा. पुन्हा कोणी गेलेच नाही. माझ्या यादीत गावातली घरे होती, तळ नव्हता. यादी पूर्ण झाली, म्हणून मी काम पूर्ण झाले असे लिहिले.

माझे तोंड उतरले. एक सदस्य म्हणाले, “जाऊ द्या हो, ती बाहेरगावची माणसं. चार महिन्यांनी जातील.” टेलरमास्तर म्हणाले, “रोग गावाचं नाव विचारून येतो का?”

त्याच रात्री आम्ही पाचजण कंदील घेऊन तळावर गेलो. नर्सबाई डबा घेऊन बरोबर होत्या. डब्यात बर्फाच्या पिशव्या आणि लसीच्या कुप्या. मुकादमाने कोप्या दाखवल्या. पण पहिल्याच कोपीतल्या बाईने मूल पदराखाली घेतले. ती म्हणाली, “चार दिस झालं, थोरली पोर तापानं फणफणलीय. तवा कुनी इचारलं न्हाई. आन् आज न मागता औषीद घेऊन आलात? हे आदी कशाचं ते सांगा.”

तिचे काय चुकले? तिला हवे ते मिळाले नव्हते आणि न मागितलेले दारात आले होते. मला वाटले, आता भाषण करावे. पण टेलरमास्तरांनी मला खुणेने गप्प केले. क्लबचे एक सदस्य मुलांचे डॉक्टर होते. मास्तरांनी सायकल काढली आणि त्यांना घेऊन आले. डॉक्टरांनी थोरलीला तपासले, औषध दिले, पैसे घेतले नाहीत. मग धाकट्याला कशाचे थेंब ते शांतपणे समजावून सांगितले. बाई म्हणाली, “सकाळी या. पोर सुधारली तर बघू.”

पहाटे फडात जायच्या आधी आम्ही पुन्हा गेलो. पोरीचा ताप उतरला होता. बाईने धाकट्याला स्वतः पुढे केले. मग आमच्या पुढे होऊन तिनेच बाकीच्या कोप्यांतल्या बायांना हाका मारल्या. अकरा मुले निघाली. अकरा! आणि मी छापले होते, एकही राहिले नाही.

टेलरमास्तरांनी धोतराच्या सोग्याने फळीवरची फुली पुसली आणि खडू माझ्या हाती दिला. ‘पी’ मी काढला.

सुधारलेली बातमी

पुढच्या पत्रकात मी लिहिले: ‘मागील अंकात काम पूर्ण झाल्याचे छापले होते. ते चूक होते. ऊसतोडीच्या तळावरील अकरा मुले राहिली होती. त्यांना आता लस दिली आहे. तळाचे नाव यादीत घातले आहे.’ काही सदस्यांना हे आवडले नाही. क्लबची शोभा होते, असे ते म्हणाले. पण दुसऱ्या वर्षी वीटभट्टीवरचा एक माणूस ते पत्रक घेऊन आला आणि म्हणाला, “आमची भट्टी बी यादीत घाला.” शोभेच्या बातमीने तो आला नसता.

आपल्या देशात २००९ साली पोलिओचे ७४१ रुग्ण सापडले. २०१० साली ४२. २०११ साली फक्त एक. १३ जानेवारी २०११ रोजी पश्चिम बंगालमध्ये हावड्याकडे एका लहान मुलीला तो रोग झाला. तिथल्या मातीतल्या पोलिओचा तो आपल्या देशातला शेवटचा रुग्ण. २७ मार्च २०१४ रोजी आपला देश पोलिओमुक्त असल्याचे जाहीर झाले. हे नुसत्या पैशाने झाले नाही. झालेल्या मुलांपेक्षा राहिलेली मुले मोजली, वीटभट्ट्या, तळ, आगगाड्या, यात्रा, एकही जागा सोडली नाही, म्हणून झाले. पाकिस्तान आणि अफगाणिस्तानात २०२४ सालीही रुग्ण सापडले. रोगाला सीमा नसते. म्हणून आपल्या बाळांना लस चुकवू नका.

तुमच्या गल्लीतही पाच माणसे जमली की मंडळ होते. त्याला मोठे नाव लागत नाही. एक वही घ्या. एका रकान्यात लिहा ‘काय झाले’, दुसऱ्यात ‘काय राहिले’. वृद्धाच्या पेन्शनचा अर्ज असो, नळाची गळती असो की शाळा सोडलेली मुलगी असो. दुसरा रकाना दर आठवड्याला मोठ्याने वाचा. तुम्ही आता लिहायला-वाचायला शिकला आहात. तो रकाना भरणे आणि तो रिकामा करणे, दोन्ही तुमच्या हाती आहे.

प्रश्न

१. रोटरी हे नाव कशावरून पडले? 
२. दाराशी काढलेल्या ‘पी’चा अर्थ काय? फुलीचा अर्थ काय? 
३. बाईने पहिल्या रात्री लस का नाकारली? तुम्ही तिच्या जागी असता तर काय केले असते? 
४. बातमी वाचताना विचारायचे चार प्रश्न पाटीवर लिहा. 
५. आपल्या गल्लीतील एका कामाची बातमी चार ओळींत लिहा. काय राहिले ते लिहायला विसरू नका.