गांवच्या पाण्याचा जमाखर्च

पुणें-सोलापूर रस्त्यावर मोडनिंबच्या आसपास जो शेतकरी जमीन कसतो, त्यास पावसाच्या लहरीपणाविषयीं नवें सांगण्यासारखें कांहीं नाहीं. जूनमध्यें आभाळ येतें व जातें. जुलै-ऑगस्टांत पिकें मान टाकितात. आणि सप्टेंबरांत एखाद्या रात्रीं असा पाऊस कोसळतो कीं बांध फुटून मातीही वाहून जाते. सोलापूर शहराचें वार्षिक पाऊसमान सरासरीनें सुमारें ७०० ते ७५० मिलिमीटर आहे. पश्चिमेकडील तालुक्यांत तें त्याहूनही कमी. घरांतील धान्याचा व सावकाराच्या देण्याचा हिशेब आपण ठेवितों. परंतु ज्यावर हें सर्व अवलंबून, त्या पाण्याचा हिशेब किती जण ठेवितात? या लेखांत दोन गोष्टींचा विचार करूं: एकट्या शेतकऱ्यानें काय करावें, आणि गांवानें मिळून काय केल्यावांचून गत्यंतर नाहीं.

संशोधनानें काय दिलें

मुंबई इलाख्यांत जिराईत शेतीचें शास्त्रीय संशोधन १९२३ सालीं पुण्याजवळ मांजरी येथें सुरू झालें, व १९३३ सालीं सोलापुरास त्यासाठीं स्वतंत्र केंद्र निघालें. श्री. कानिटकर व त्यांचे सहकारी यांच्या प्रयोगांतून जी पद्धत ठरली तिचें सार थोडक्यांत असें: शेतास बांध घालावे, पेरणीपूर्वीं कुळवणी करून पाणी मुरवावें, शेणखत घालावें, बियाणें थोडें व ओळींत अंतर अधिक ठेवावें, आणि वारंवार कोळपून ओल राखावी. आपल्या शेजारीं मोहोळ येथें निवडलेली मालदांडी ३५-१ ही ज्वारी तर आजही घरोघर माहीत आहे. सोलापूरचें केंद्र आतां राहुरीच्या महात्मा फुले कृषि विद्यापीठाकडे आहे.

एकट्यानें करावयाचें काम

पहिलें काम जमिनीची खोली पाहण्याचें. शेतांत चार ठिकाणीं मुरूम लागेपर्यंत खड्डे घ्यावे. खोली फुटाभर असल्यास फुले अनुराधा किंवा फुले माउली, दोन फुटांपर्यंत असल्यास फुले सुचित्रा किंवा मालदांडी, व त्याहून अधिक असल्यास फुले वसुधा किंवा फुले यशोदा, अशी शिफारस आहे. उथळ जमिनींत ओल थोडी टिकते, म्हणून तेथें लवकर येणारा वाण हवा.

दुसरें काम, रब्बीच्या शेतांत पावसाळ्यांतच लहान लहान चौकोनी वाफे पाडून पाणी जागच्या जागीं अडविणें. एका एकरावर एक इंच पाऊस पडला म्हणजे सुमारें एक लाख लिटर पाणी येतें. तें नाल्यास जाऊं द्यावें कीं मातींत मुरवावें, हें ज्याचें त्यानें ठरवावें. पेरणी १५ सप्टेंबर ते १५ ऑक्टोबरच्या दरम्यान उरकावी. पुढें तिसऱ्या, पांचव्या व आठव्या आठवड्यांत अशा तीन कोळपण्या द्याव्या. काळ्या जमिनीस भेगा पडल्या म्हणजे त्या वाटेनें खालची ओल उडून जाते. शेवटच्या कोळपणीनें त्या बुजतात.

गांवानें करावयाचें काम

येथपर्यंतचें काम ज्याचें त्यास साधण्यासारखें आहे. पण पाणी सातबाराची हद्द ओळखीत नाहीं. वरच्या शेतकऱ्यानें पाणी मोकाट सोडलें कीं खालच्याचा चांगला बांधही फुटतो. म्हणूनच १९४२ सालच्या मुंबई जमीन सुधारणा योजना कायद्यानें बांधबंदिस्ती सलग क्षेत्रावर करण्याची सोय झाली. जमिनीखालच्या पाण्यासही तोच न्याय लागू आहे. एकानें दोनशें फूट बोअर घेतली, कीं शेजारी तीनशें फूट जातो. शेवटीं दोघांवर कर्ज उरतें व पाणी कोणाचेंच राहत नाहीं.

हिशेब कसा मांडावा तें एका कल्पित गांवावरून पाहूं. गांवचें क्षेत्र १००० हेक्टर व पाऊस ५०० मिलिमीटर धरूं. एकंदर ५०० कोटि लिटर पाणी पडलें. त्याचा दहावा हिस्सा खडकांत मुरला असें मानल्यास जमा ५० कोटि लिटर. माणसें व गुरें यांच्या पिण्यास वर्षाला सुमारें ८ कोटि लागले, तर शिल्लक ४२ कोटि. उसास विहिरीचें १५०० मिलिमीटर पाणी द्यावयाचें म्हटल्यास या शिल्लकेंत अवघा २८ हेक्टर ऊस होतो. तेंच पाणी ज्वारीस ७५ मिलिमीटरांच्या दोन पाळ्यांनीं दिल्यास २८० हेक्टर भिजतात. आंकडे प्रत्येक गांवीं निराळे येतील. पण हिशेब मांडल्यावर वाद माणसामाणसांतला न राहतां आंकड्यांचा होतो, हा मोठाच लाभ आहे.

मोजमाप कसें करावें

पाऊस मोजण्यास सरळ बाजूंचा डबाही चालतो. तो झाडांपासून व भिंतींपासून दूर, मोकळ्या जागीं पक्का बसवावा. रोज सकाळीं साडेआठ वाजतां सांचलेल्या पाण्याची उंची पट्टीनें मोजून वहींत लिहावी व डबा रिता करावा. महसूल मंडळांत स्वयंचलित यंत्रें बसलीं असलीं तरी चार मैलांवरचा पाऊस आपल्या शिवारांत पडलाच असें नाहीं.

विहिरीच्या कांठावर रंगानें एक कायमची खूण करावी. रात्रभर पंप बंद ठेवून, सकाळीं त्या खुणेपासून पाण्यापर्यंतचें अंतर वजन बांधलेल्या दोरीनें मोजावें. १९७२ सालीं स्थापन झालेली राज्याची भूजल यंत्रणा जानेवारी, मार्च, मे व ऑक्टोबर या महिन्यांत निरीक्षण विहिरी मोजते. आपणही तेच महिने धरावे, म्हणजे ताळा पाहतां येतो. हे आंकडे चावडीवरील फळ्यावर लिहावे. वहींत झांकून ठेवलेल्या आंकड्यावर कोणी विश्वास ठेवीत नाहीं.

हें केवळ पुस्तकी नाहीं. शेजारच्या अहिल्यानगर (पूर्वींच्या अहमदनगर) जिल्ह्यांतील हिवरे बाजार गांवीं १९८९ सालीं श्री. पोपटराव पवार सरपंच झाल्यानंतर पाणलोटाचीं कामें झालीं. पुढें पावसाळ्यानंतर पाण्याचा ताळेबंद ग्रामसभेपुढें मांडून पिकें ठरविण्याची रीत पडली. शेतीसाठीं बोअर घेणें व ऊस लावणें त्या गांवानें आपल्या आपण वर्ज्य केलें.

एक अडचण

मोडनिंबकडे बोरीच्या व डाळिंबाच्या बागा आहेत. ज्वारीचें क्षेत्र ऑक्टोबरांत कमी करतां येतें. उभी बाग कमी करतां येत नाहीं. दुष्काळांत टँकरनें बाग जगविण्याचा खर्च ज्यानें सोसला आहे त्यास हें अधिक सांगणें नको. म्हणून बागाइतदारानें हिशेब लागवडीपूर्वीं पाहावा, व तो चांगल्या वर्षाच्या पाण्यावर न मांडतां, वहींतील सर्वांत वाईट वर्षाच्या मे महिन्यांत विहिरींत जें पाणी होतें त्यावर मांडावा. बोर थोड्या पाण्यावर तग धरते. डाळिंबास अधिक जपावें लागतें. उजनीचा कालवा ज्यांच्या शेतास पोंचतो त्यांनींही आवर्तन लांबल्यास आधार विहिरीचाच, हें विसरूं नये.

सभासदांस विनंति इतकीच कीं, प्रत्येक गांवीं निदान पांच विहिरींवर येत्या मे महिन्यापूर्वीं खुणा कराव्या, पावसाची एक वही घालावी व ऑक्टोबरांत तीं दोन्हीं घेऊन एकत्र बसावें. पहिल्या वर्षीं निर्णय चुकला तरी चालेल. वही मात्र बंद पडूं देऊं नये.