खोक्याचा कागद

चाकणच्या औद्योगिक वसाहतीत दिवस उजाडतो तोच मालमोटारींच्या रांगांनी. एका गाडीत मोटारींचे दिवे असतात, दुसरीत विजेच्या तारांचे जुडगे. परंतु पाहणाऱ्यास सर्वत्र एकच वस्तू दिसते, आणि ती म्हणजे तपकिरी पुठ्ठ्याचे खोके. पिंपरीस 1954 साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली, पुढे यंत्रांचे व मोटारींचे कारखाने आले. औषधाची कुपी असो वा यंत्राचा सुटा भाग, खोक्यावाचून त्याचे पाऊल बाहेर पडत नाही.

दोन सपाट तावांमध्ये एक नागमोडी ताव चिकटविला, की खोक्याचा पुठ्ठा तयार होतो. त्यासाठी लागणाऱ्या कागदास क्राफ्ट कागद म्हणतात. भारतात तो बहुतांशी रद्दीपासून बनतो. परंतु रद्दीचा लगदा जितक्या वेळा करावा, तितके तिच्यातील तंतू आखूड होत जातात व कागदाचे बळ घटते. म्हणून गिरण्या अमेरिकेतील वापरलेली खोकी विकत घेतात. कारण त्यांत पाइन वृक्षाचे लांब तंतू असतात.

या व्यापारात चीन भारताच्या फार पुढे होता. कागदाची विद्या मुळात चीनचीच; इसवी सन 105 मध्ये त्साय लुन याने ती राजदरबारी सादर केल्याचे सांगतात. ती हिंडत हिंडत भारतातही आली, आणि चाकणच्या उत्तरेस असलेल्या जुन्नरचा हातकागद मराठी दप्तरांत नावाजला गेला. आधुनिक काळात मात्र चीनचा मार्ग निराळा ठरला. चिनी मालाने भरलेली जहाजे अमेरिकेस जात आणि परतताना रिकामी असत. रिकाम्या जहाजाचे भाडे स्वस्त, म्हणून त्यांत रद्दी भरली जाऊ लागली. 2016 साली चीनने सुमारे 2 कोटी 85 लाख टन रद्दी आयात केली. आजही भारतात दरडोई कागद सुमारे 15 किलोच वापरला जातो. चीनमध्ये त्याच्या पाचपटींहून अधिक.

रद्दीबरोबर परदेशचा केरकचराही येई. 2017 साली चीनने ही आयात आवरण्याचा निर्णय जाहीर केला. पुढच्या वर्षी रद्दीतील भेसळीस अर्ध्या टक्क्याची मर्यादा घातली, आणि 1 जानेवारी 2021 पासून तिला दार बंद केले. बाजारात रद्दी तुंबली, तिचे भाव कोसळले, आणि भारतीय गिरण्यांस कच्चा माल स्वस्त मिळू लागला. हा लाभ थोडाच काळ टिकला. रद्दी बंद झाली तरी चीनला खोकी हवीच होती. तेथील गिरण्या भारताकडून क्राफ्ट कागदच मागवू लागल्या. 2020 च्या अखेरीस कागदाचे भाव भराभर चढले.

याचा फटका बसला तो खोकी करणाऱ्या लहान उद्योजकांस. कागद रोखीने महाग घ्यावयाचा, आणि खोके मात्र मोठ्या कारखान्यास ठरलेल्या दराने द्यावयाचे! देशभरच्या खोकेवाल्यांनी निर्यातीवर निर्बंध घालण्याची मागणी केली. गिरणीमालकांचे म्हणणे याच्या उलट होते. परदेशी गिऱ्हाईक चांगला भाव देत असता ते का सोडावे? दोन्ही बाजूंस तथ्य होते.

कारखान्यात रिकामे झालेले खोके चपटे करून भंगारवाल्याच्या टेम्पोत रचले जाते. तेथून ते पुन्हा गिरणीत जाते, लगदा होते, आणि पूर्वीपेक्षा किंचित आखूड तंतूंचा कागद होऊन परतते.