झिंग्यावरील बुरशी आणि वनौषधींचा उपयोग

नंदुरबार जिल्ह्यातील मोलगी परिसरात मोहाच्या झाडांना तोटा नाही. लसूण, हळद व कडुनिंबही हाताशी असतात. झाडपाल्याचे गुण जाणणारी वडीलधारी मंडळी पाड्यापाड्यांवर आहेत. तेव्हा शेततळ्यात गोड्या पाण्यातील मोठा झिंगा पाळू इच्छिणाऱ्याने त्याच्या रोगावर वनौषधीचा विचार करावा, हे स्वाभाविक होय. तथापि जो रस बुरशीस मारतो, तो झिंग्यासही मारू शकतो, हे प्रथम ध्यानी घ्यावे.

रोगाची लक्षणे

झिंग्याची मादी अंडी पोटाखाली वागविते. निरोगी अंडी प्रथम नारिंगी असून पुढे करडी होतात. मेलेली अंडी पांढुरकी पडून त्यांवर कापसासारखे तंतू दिसल्यास बुरशीचा संशय घ्यावा. अळ्यांना निमखारे पाणी लागत असल्याने त्यांचे संगोपन बीजकेंद्रात होते. तेथे बुरशीने मोठी हानी होऊ शकते. शेततळ्यात जखमांवाटे बुरशी शिरते व कवचावर काळे डाग पडतात. कल्ले मात्र तळच्या गाळानेही काळे होतात. म्हणून केवळ रंगावरून निदान न करता मत्स्यव्यवसाय विभागाच्या साहाय्याने सूक्ष्मदर्शकाखाली तपासणी करवून घ्यावी.

वनस्पतींचे गुणदोष

लसूण : ठेचल्यावर त्यात बुरशीरोधक द्रव्य तयार होते. उष्णतेने ते नाश पावते. यास्तव लसणाचा काढा न करता ताजा रस घ्यावा.

हळद : तिच्यातील पिवळे द्रव्य पाण्यात फारच थोडे विरघळते. पाणी पिवळे झाले म्हणजे औषध उतरले, असे समजू नये.

कडुनिंब : बुरशीस रोधणारा असला तरी त्यातील एक द्रव्य किडींची कात टाकण्याची क्रिया बिघडविते. झिंगाही कात टाकूनच वाढतो. म्हणून निंबोळी अर्क तळ्यात ओतू नये व फवारणीचे पाणी तळ्यात उतरू देऊ नये.

मोहाची पेंड : हिच्यातील फेस आणणारे द्रव्य माशांच्या कल्ल्यांवाटे रक्तात भिनून त्यांस मारते. नको असलेले मासे काढण्यासाठी ती तळ्यात वापरतात, ती याच कारणाने. झिंगा हे विष माशांहून अधिक सोसतो. परंतु पेंड कुजताना पाण्यातील प्राणवायू घटतो. झिंग्याबरोबर मासे पाळले असल्यास तिचा वापर सर्वस्वी टाळावा.

चाचणी कशी घ्यावी

तळ्याचेच पाणी भरलेल्या दहा-दहा लिटरच्या तीन बादल्या घ्याव्यात. एकीत काहीही घालू नये, दुसरीत थोडा रस व तिसरीत त्याच्या दुप्पट रस घालावा. प्रत्येकीत समान संख्येने लहान, निरोगी झिंगे सोडून पाणी हवेशीर ठेवावे व चोवीस तास निरीक्षण करावे. रसाच्या बादलीत झिंगे सुस्तावले वा मेले, तर तो रस वापरू नये. या चाचणीने रस किती सोसतो एवढेच कळते. रोग बरा होतो असे सिद्ध होत नाही.

बादलीतील प्रमाण तळ्यास लावणेही परवडत नाही. लिटरास एक ग्रॅम लसूण लागतो असे धरल्यास, २० मीटर लांब, २० मीटर रुंद व २ मीटर खोल, उभ्या काठांच्या तळ्यातील ८ लाख लिटर पाण्यास ८०० किलो लसूण लागेल! म्हणून असा रस निवडक झिंग्यांना अल्पकाळ बुडवून काढण्यापुरताच योजावा, आणि तोही तज्ज्ञाच्या सल्ल्याने. मॅलॅकाइट ग्रीन हा हिरवा रंग पूर्वी बुरशीवर वापरीत. तो माणसाच्या आरोग्यास घातक असल्याने खाण्याच्या जिवांसाठी वर्ज्य मानावा.

प्रतिबंध

दाटी करू नये. उरलेले खाद्य व मेलेले झिंगे रोज काढावेत. हाताळताना जखमा होऊ देऊ नयेत. पाणी १४ अंश सेल्सिअसखाली गेल्यास झिंगा दगावतो; म्हणून डोंगरातील थंडी वाढण्यापूर्वीच काढणी उरकावी. ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी चाचणीची नोंद वहीत ठेवून ती शेजारच्या शेतकऱ्यांस दाखवावी, म्हणजे एकाचा अनुभव अनेकांच्या उपयोगी पडेल.