खुरपणीतली औषधे : काय वापरावे, काय टाळावे?

प्रश्न : खुरपणीत निघणारा दगडी पाला, घोळ, माका आमची आजी औषध म्हणून वापरायची. आजही वापरावा का?

उत्तर : विळा लागला की दगडी पाला चोळून रस पिळायची रीत गावोगाव आहे. (एकदांडी, कंबरमोडी ही त्याचीच नावे. मूळचा अमेरिकेचा, पण आता बांधाबांधावर आहे.) रक्त थांबायला त्याची मदत होते, म्हणूनच ही रीत टिकली. पण जखम खोल असेल किंवा तीत माती गेली असेल, तर पाला धनुर्वात रोखत नाही. स्वच्छ पाण्याने धुऊन दवाखाना गाठा, इंजेक्शन घ्या.

माक्याचे तेल केसांना खुशाल लावा. घोळीची भाजी उत्तम, मात्र तिच्यात ऑक्झलेट भरपूर असते. मूतखड्याचा त्रास असणाऱ्यांनी ती टाळावी.

पिवळ्या धोत्र्याच्या वाटेला मात्र जाऊ नका. त्याच्या बियांचे तेल मोहरीच्या तेलात मिसळल्याने १९९८ साली दिल्लीत अनेकांचे बळी गेले. गाजरगवतही हाताळताना जपा, त्याने अंगावर खाज आणि पुरळ उठते.

आजीच्या काळी तणनाशके नव्हती. फवारलेल्या रानातला पाला जखमेवरही लावू नका आणि ताटातही घेऊ नका.