लोखंडावरील रंगाचे कवच आणि आम्ले

पितळी पातेल्याची कल्हई उडालेली असली आणि त्यात चिंचेचे सार केले, तर ते कळकते, हे आपल्याकडील प्रत्येक गृहिणीस ठाऊक आहे. भंडारा हे तर पितळी भांड्यांकरिता नावाजलेले गाव; तेव्हा अड्याळ-पवनीकडील घरांतून हा अनुभव नवा नव्हे. कल्हई म्हणजे कथलाचा पातळ थर. आंबट पदार्थ आणि पितळ यांची गाठ पडू न देणे, एवढेच त्याचे काम. जी दक्षता आपण स्वयंपाकघरात घेतो, ती शेतातील अवजारांच्या बाबतीत मात्र घेत नाही. लोखंडास रंग फासला की काम संपले, अशी आपली समजूत असते. ती कोठे चुकते, हे येथे पाहावयाचे आहे.

प्रस्तुत लेखकाचाच अनुभव सांगतो. कार्तिकात हरभरा पेरून झाल्यावर पेरणी यंत्राच्या खतपेटीत थोडे सुपर फॉस्फेट तसेच राहिले. उन्हाळ्यात पेटीच्या तळाशी तांबेरा दिसला, म्हणून त्यावरच तेलरंगाचा एक जाड हात दिला. पावसाळा सरल्यावर पाहतो तो रंगाचे पापुद्रे सुटलेले आणि तळाच्या पत्र्यास भोके पडलेली. पेरणीचे दिवस दुरुस्तीत गेले, वाफसा उडाला आणि हरभरा विरळ उगवला. रंगाचा पैसा वाचविला नव्हता. वाचविले होते ते केवळ घासण्याचे श्रम.

शेतातील आम्ले. आम्ल म्हटले की कारखाना डोळ्यांपुढे येतो. परंतु शेतकऱ्याच्या घरीही आम्ले असतात. सुपर फॉस्फेटमध्ये थोडे मोकळे फॉस्फोरिक आम्ल असतेच. अमोनियम सल्फेट ओले झाले म्हणजे त्याचे पाणी आम्लधर्मी होते. ट्रॅक्टरच्या बॅटरीत गंधकाम्ल असते. बॅटरी पूर्ण भरलेली असता त्याचे प्रमाण वजनाने शेकडा ३६ च्या आसपास भरते. मुरघासाच्या रसात दुग्धाम्ल व थोडे सिरकाम्ल असते. मोरचूद हे आम्ल नव्हे, तरी त्याचे द्रावण लोखंडास तसेच खाते. लोखंड विरघळते आणि त्याच्या जागी तांबे बसते. म्हणूनच बोर्डो मिश्रण लोखंडी भांड्यात करू नये, असे सांगतात. ते नीट साधले की नाही हे पाहण्याकरिता त्यात चाकूचे स्वच्छ पाते बुडवितात. पात्यावर तांबूस थर चढला, तर चुना कमी पडला असे समजावे.

रंग कसा हरतो. रंगाचा थर डोळ्यांस अखंड दिसला तरी एका हातात सूक्ष्म छिद्रे राहतातच. कडांवर व वळणांवर रंग ओढला जाऊन पातळ होतो. तेथून आम्लाचे पाणी आत शिरते. लोखंड आणि आम्ल यांची गाठ पडताच हायड्रोजन वायू निघतो, तो थरास खालून उचलतो आणि रंगास फोड येतात. खाली आधीच तांबेरा असेल, तर रंगाची पकड लोखंडावर नसून त्या भुशावर असते. मग थर सुटण्यास कितीसा वेळ? सारांश, आम्ल बहुधा रंगास वरून खात नाही. ते त्याच्या खालून जाते.

कोणता रंग कोठे. जस्ताचा मुलामा दिलेले पत्रे पावसात उत्तम टिकतात. पण जस्त आम्लात विरघळते आणि तीव्र क्षारातही विरघळते. खताच्या पोत्यांस टेकलेला पत्रा म्हणूनच लवकर जातो. तेलरंगाचे मूळ जवसाच्या तेलात आहे. आपल्या भागात धानाच्या बांधीत उतेरा म्हणून जे जवस टाकतात, त्याचेच तेल हवेतील प्राणवायू शोषून घट्ट होते. हा रंग उन्हापावसास चांगला. परंतु क्षाराने त्याचा साबण होतो आणि आम्लाच्या सततच्या ओलीपुढे तो फार काळ टिकत नाही. डांबरी काळा रंग सौम्य आम्लांस चांगला दाद देत नाही. मात्र डिझेल, रॉकेल त्यास विरघळवितात व कडक उन्हाने त्यास भेगा पडतात. दोन भाग मिसळून लावावयाचा इपॉक्सी रंग सौम्य आम्ल, क्षार व तेल या तिघांस पुरा पडतो. तथापि उन्हात त्यावर खडूसारखी भुकटी येते, आणि सिरकाम्लासारखी आम्ले त्याला खनिज आम्लांपेक्षा अधिक जाचतात. तेव्हा खतपेटीस व बॅटरीच्या बैठकीस इपॉक्सी, जमिनीलगतच्या व सावलीतील लोखंडास डांबरी रंग, आणि केवळ पावसात राहणाऱ्या भागांस तेलरंग, अशी वाटणी करावी. धान्याच्या कोठीस किंवा खाण्याच्या भांड्यास आतून यांपैकी कोणताही रंग देऊ नये.

लावण्याची रीत. प्रथम अवजार धुण्याच्या सोड्याच्या पाण्याने धुवावे, म्हणजे वंगण निघते. नंतर स्वच्छ पाण्याने धुऊन वाळवावे व तारेच्या ब्रशाने आणि पॉलिश पेपरने घासून लोखंड उजळ करावे. उजळलेल्या लोखंडावर त्याच दिवशी अस्तर रंग द्यावा. रात्रीच्या दवाने त्यावर पुन्हा तांबेरा धरतो. कडांना आधी एक हात देऊन मग सर्वत्र द्यावा. एका जाड हातापेक्षा तीन पातळ हात श्रेष्ठ होत; कारण एकाची छिद्रे दुसरा झाकतो. पूर्वी अस्तरास शेंदूर वापरीत; परंतु तो शिशाचा असून विषारी आहे, सबब त्याच्या वाटेस जाऊ नये. जुना रंगही कोरडा खरवडून त्याची धूळ घरात पसरू देऊ नये.

करून पाहण्याजोगा प्रयोग. पत्र्याच्या सहा पट्ट्या उजळ करून दोहोंस तेलरंग, दोहोंस डांबरी रंग व दोहोंस इपॉक्सी द्यावा. आठवडाभर वाळल्यावर प्रत्येक जोडीतील एका पट्टीवर खिळ्याने ओरखडा काढावा. काचेच्या सहा बाटल्यांत सुपर फॉस्फेटचे पाणी घेऊन प्रत्येकीत एक पट्टी अर्धी बुडवावी आणि १५ दिवस रोज पाहावी. ओरखडा असलेल्या पट्ट्यांवर तांबेरा कोठून सुरू होतो आणि रंगाखाली किती सरकतो, हे एकदा डोळ्यांनी पाहिले म्हणजे वरील विवेचन वेगळे पटवावे लागणार नाही. बाटल्या मुलांच्या हाती लागू देऊ नयेत.

शेवटी एक गोष्ट ध्यानी धरावी. उत्तम रंगही आम्लास थोपवितो, संपवीत नाही. हंगाम संपताच खतपेटी रिकामी करून धुणे व वाळविणे हा पहिला उपाय. रंग हा दुसरा. बॅटरीचे आम्ल सांडल्यास खाण्याचा सोडा टाकावा, फसफस थांबली की भरपूर पाण्याने धुवावे. कल्हई उडालेले पातेले आपण चुलीवर चढवीत नाही. रंग उडालेली खतपेटीही तशीच शेतात नेऊ नये.