इंग्रजीच्या तासाला लिहिलेले पत्र

— एक माजी विद्यार्थिनी



'इंग्रजीचा अभ्यास कसा करावा' या विषयावर स्मरणिकेसाठी लेख लिहावा, असे संपादक मंडळाने मला कळवले. मी स्वतः आज इंग्रजी शिकवते, म्हणून ही विनंती आली असावी. लिहायला बसले तेव्हा व्याकरणाचे नियम आठवण्याऐवजी इयत्ता नववीतला जानेवारी महिना डोळ्यांपुढे उभा राहिला. माझ्या इंग्रजीचा आणि माझ्या आयुष्याचाही निकाल त्या महिन्यातील एका तासाने लावला. तोच धडा आज आपल्यापुढे ठेवते.

गाइडमधले पत्र

माझे गाव ब्रह्मपुरी तालुक्यातले. घरी बोलणे झाडीबोलीत. 'पाणी'ला आम्ही 'पानी' म्हणत असू. 'ण' आणि 'ळ' या अक्षरांची ओळख मला शाळेत झाली. त्यामुळे पुस्तकातील मराठी हीच माझ्यासाठी पहिली परकी भाषा होती. माझ्या शेजारी बसणारी मुलगी भामरागडकडची. तिच्या घरी माडिया बोलत. तिच्यासाठी मराठी दुसरी आणि इंग्रजी तिसरी. आमच्या वेळी इंग्रजी पाचवीपासून सुरू होई. पहिलीपासून इंग्रजी शिकवणे महाराष्ट्रात २००० सालापासून सुरू झाले. नववीत येईपर्यंत आम्हा दोघींचे इंग्रजी म्हणजे केवळ पाठांतर होते.

त्या वर्षी धान निघाल्यावर माझे आईवडील, धाकट्या भावाला घेऊन, मिरची तोडायला तेव्हाच्या आंध्र प्रदेशात, म्हणजे आजच्या तेलंगणात, खम्ममच्या बाजूला गेले होते. आपल्या दोन्ही जिल्ह्यांतील कितीतरी पालकांना हे स्थलांतर ठाऊक आहे. जानेवारीत निघायचे, उन्हाळ्याच्या तोंडाशी परतायचे, मग मोहफुले आणि तेंदूपाने. सत्तर पानांचा एक पुडा, असे पुडे बांधून संध्याकाळी फळीवर नेऊन मोजून द्यायचे. जाताना बाबा सहज बोलावे तसे म्हणाले होते, ''पुढल्या साली पोरगीबी येईल. दोन हात वाढतील.'' मी काही बोलले नाही. वसतिगृहात परतले आणि कोणाला सांगितलेही नाही.

त्याच आठवड्यात इंग्रजीच्या तासाला पत्रलेखन आले. 'परगावी असलेल्या वडिलांना पत्र लिहा.' गाइडमध्ये नमुना होता. मी तो जसाच्या तसा उतरवला: डिअर फादर, आय ॲम क्वाइट वेल हिअर अँड होप यू आर द सेम. पुढे सहामाही परीक्षेतील गुण आणि शेवटी घड्याळ घेण्यासाठी पैसे पाठवण्याची विनंती.

सरांनी वही पाहिली. एकही चूक नव्हती. त्यांनी विचारले, ''तुझे वडील कुठे आहेत?'' मी सांगितले. ''त्यांच्याकडे तू घड्याळ मागशील?'' मी मान हलवली. ''मग हे पत्र कोणाचे आहे?''

या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हते. सरांनी वही परत दिली आणि म्हणाले, ''आधी तुझ्या बोलीत, तुला जे सांगायचे आहे ते लिही. ते पत्र खरोखर पाठव. मग आपण त्याचे इंग्रजी करू.''

इंग्रजी पहिलीतील भिवा

सरांनी त्या दिवशी आम्हाला एका विद्यार्थ्याची हकिकत सांगितली. ती आपणा सर्वांच्या परिचयाची आहे. पण इंग्रजीचा विद्यार्थी म्हणून त्याच्याकडे आपण क्वचितच पाहतो.

७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या सरकारी हायस्कुलात, म्हणजे आजच्या प्रतापसिंह हायस्कुलात, भिवा रामजी या नावाच्या मुलाने इंग्रजी पहिलीच्या वर्गात प्रवेश घेतला. हाच दिवस आता महाराष्ट्रात विद्यार्थी दिवस म्हणून पाळला जातो. वर्गात त्याला इतरांपासून वेगळे बसावे लागे, बसायचे गोणपाट घरून आणावे लागे आणि नळाला स्वतः हात लावण्याची मुभा नव्हती. शाळेने दिलेले हे शिक्षण एका बाजूला होते. दुसरे शिक्षण घरी चाले. वडील सुभेदार रामजी लष्करी शाळेत मुख्याध्यापक राहिलेले. त्यांनी मुलाकडून हॉवर्डची इंग्रजी पुस्तके आणि तर्खडकरांची भाषांतर पाठमाला करून घेतली. पुढे मुंबईला परळच्या चाळीत एकाच खोलीत संसार आणि अभ्यास चालत असे. पुस्तकांसाठी हातात पैसा नसला की सुभेदार आपल्या विवाहित मुलींकडे जात आणि वेळ पडली तर त्यांचे दागिने गहाण ठेवीत.

तर्खडकरांच्या पद्धतीत काय होते? एका बाजूला मराठी वाक्य आणि दुसऱ्या बाजूला इंग्रजी. मुलाला येणाऱ्या भाषेवर पाय रोवून न येणाऱ्या भाषेकडे हात पोचवायचा. आज ही पद्धत जुनी मानली जाते. तिच्यातील उणिवा मी शिक्षिका म्हणून जाणते. केवळ भाषांतर केल्याने बोलता येत नाही. पण तिच्या मुळाशी एक सन्मान आहे: मुलाच्या मनात आधीच एक भाषा आहे, विचार आहे, आणि तो रिकामे भांडे घेऊन वर्गात आलेला नाही.

१९०७ साली भीमराव मॅट्रिक झाले. ७५० पैकी २८२ गुण मिळाले, म्हणजे शेकडा अडतीसच्या आतच. तरीही वस्तीने अभिनंदनाची सभा भरवली. सी. के. बोले अध्यक्षस्थानी होते. बागेत वाचत बसणाऱ्या या मुलाला ओळखणारे कृष्णाजी अर्जुन केळुसकर गुरुजी यांनी स्वतः लिहिलेले गौतम बुद्धाचे मराठी चरित्र त्याला भेट दिले. पुढे सयाजीराव गायकवाडांची शिष्यवृत्ती मिळवून देण्यातही त्यांनी साहाय्य केले. मराठीतून मिळालेल्या त्या भेटीचा ओघ अखेर एका इंग्रजी ग्रंथापर्यंत पोचला. 'द बुद्ध अँड हिज धम्म' बाबासाहेबांच्या महापरिनिर्वाणानंतर १९५७ साली प्रसिद्ध झाला. त्याच्या आदल्या वर्षी, १६ ऑक्टोबर १९५६ रोजी, त्यांनी आपल्या चंद्रपुरात धम्मदीक्षा दिली, त्याला तर आपल्यापैकी अनेकांचे आजीआजोबा साक्षी होते.

''अडतीसच्या आत गुण मिळवणारा हा विद्यार्थी,'' सर म्हणाले, ''इंग्रजीत सांगण्यासारखे काहीतरी जवळ बाळगून होता. भाषा त्यामागून आली.''

'आठवण येते' याचे इंग्रजी

त्या रात्री मी पत्र लिहिले. पहिलेच वाक्य बोलीत उतरले: ''माय, तुया हाताची आग होत असन नं वं?'' मिरची तोडणाऱ्या बायकांचे हात रात्रभर जळतात. पुढे लिहिले की मला येथे दोन वेळचे जेवण मिळते आणि जेवताना तुझी आठवण येते. शेवटी जे कोणाला सांगितले नव्हते तेही लिहिले: मला शाळा सोडायची नाही. पण तुमचे हात जळत असताना मी असे म्हणावे की नाही, हे मला कळत नाही.

शेजारच्या गावाची एक टोळी दोनच दिवसांत तिकडे निघणार होती. त्यांच्याबरोबर ते पत्र गेले.

नकलेवरून इंग्रजी करायला बसले आणि 'आठवण येते' या शब्दांशी अडले. मी लिहिले: युअर मेमरी इज कमिंग टू मी. सरांनी हे वाक्य खोडले नाही. फळ्यावर लिहिले आणि त्याखाली चार मराठी वाक्ये मांडली: मला भूक लागली. मला ताप आला. मला गाव आवडते. मला आठवण येते.

''पाहा,'' ते म्हणाले, ''मराठीत भूक, ताप, आवड, आठवण या गोष्टी माणसाकडे येतात. माणूस 'मला' होऊन त्यांना सामोरा जातो. इंग्रजीत माणूस 'आय' होऊन पुढे उभा राहतो: आय ॲम हंग्री. आय हॅव अ फीव्हर. आय लाइक माय व्हिलेज. आणि आठवणीसाठी, आय मिस यू.''

मला 'मिस' म्हणजे चुकणे एवढेच माहीत होते, जशी एसटी चुकते. सरांनी समजावले की असायला हवे ते माणूस जागेवर नाही, त्याची उणीव भासते, म्हणून मिस. मराठी येणाऱ्या आठवणीबद्दल बोलते, इंग्रजी नसलेल्या माणसाबद्दल. दोन्ही खरे आहे.

मग हाताची आग. येथे दोन्ही भाषा एकत्र आल्या, कारण इंग्रजीतही हात जळतातच: युअर हँड्स मस्ट बी बर्निंग. पण 'तू' आणि 'तुम्ही' यांना इंग्रजीत एकच 'यू'. मायला मी 'तू' म्हणत असे, बाबांना 'तुम्ही'. त्या एका शब्दाने दोघांनाही एकाच अंतरावर बसवले. त्या एका पानात मी जेवढे व्याकरण शिकले, तेवढे चार वर्षांच्या पाठांतराने शिकवले नव्हते.

आपापल्या भाषेत

विनयपिटकात एक प्रसंग आहे. ब्राह्मण कुळात जन्मलेल्या दोन भिक्खूंनी तथागतांना विनंती केली की नाना प्रदेशांचे, नाना कुळांचे भिक्खू आपापल्या बोलीत बुद्धवचन सांगून ते बिघडवतात, तर आपण ते छंदात, म्हणजे वेदांसारख्या संस्कारित भाषेत बसवू या. तथागतांनी ही विनंती नाकारली आणि स्वतःच्या बोलीत बुद्धवचन शिकण्याची अनुज्ञा दिली. 'स्वतःची बोली' म्हणजे नेमकी कोणाची, याबद्दल पंडितांत मतभेद आहेत. पण शिकणाऱ्याला समजणे हे भाषेच्या प्रतिष्ठेपेक्षा मोठे आहे, एवढे मी त्यातून घेते. आर्य अष्टांगिक मार्गातील सम्यक वाणीचा अर्थही मला त्या जानेवारीत उमगला. गाइडमधले पत्र व्याकरणाने शुद्ध होते आणि तरीही ते माझे असत्य होते.

आपल्याच भागातील आणखी एक उदाहरण देते. वनहक्क कायदा संसदेने २००६ साली केला. धानोरा तालुक्यातील मेंढा-लेखा या गोंड गावाने २००९ साली त्याखाली सामूहिक वनहक्क मिळवला आणि तो मिळवणाऱ्या देशातील पहिल्या गावांत त्याचे नाव घेतले जाते. या गावाने वर्षानुवर्षे अभ्यासगट चालवले. एकत्र बसायचे, विषय समजून घ्यायचा, चर्चा करायची, मग निर्णय घ्यायचा. कायद्याची भाषा कोणतीही असो, तिचा अर्थ गावाने आपल्या बोलण्यात आणला, तेव्हा तो हक्क झाला. इंग्रजी आपल्या मुलांना का हवी, याचे उत्तर मला येथे मिळते. इंग्रजीने कोणी शहाणा ठरत नाही. पण आपल्यावर परिणाम करणारा कागद ज्या भाषेत असेल, ती वाचता आली पाहिजे आणि त्याला उत्तर देता आले पाहिजे.

विद्यार्थ्यांसाठी थोडेसे

मुलांनो, माझ्या अनुभवातून चारच गोष्टी सांगते. पहिली, रोज पाच वाक्ये स्वतःच्या दिवसाबद्दल लिहा. आधी घरच्या बोलीत, मग मराठीत, मग इंग्रजीत. दुसरी, 'मला' ने सुरू होणारी वाक्ये वेगळ्या वहीत जमवा आणि त्यांचे इंग्रजी शिक्षकांना विचारा. आपली निम्मी अडचण तेथेच आहे. तिसरी, लिहिलेले मोठ्याने वाचा. उच्चारावर कोणी हसले तर हसू द्या, वाचणे थांबवू नका. चौथी, गाइडमधील नमुना पाहा, त्याची मांडणी शिका, पण त्यातील वडील आपले वडील समजू नका.

पालकांना एकच विनंती. आपणास इंग्रजी येत नसेल तरी मुलाला वही उघडून ''काय लिहिलंस ते सांग'' असे म्हणा. त्याने ते आपल्या बोलीत सांगितले की अर्धा अभ्यास झाला.

त्या पत्राचे पुढे काय झाले

ते पत्र पोचले. आईला आणि बाबांना वाचता येत नव्हते. टोळीतील सातवी शिकलेल्या एका मुलीने संध्याकाळी चुलीपाशी ते वाचून दाखवले. दुसऱ्या दिवशी बायकांनी ते पुन्हा वाचायला लावले, असे आईने मला पुढे सांगितले. बाबा तेव्हा काही बोलले नव्हते. तेंदूपानाच्या हंगामातही बोलले नाहीत. जूनमध्ये शाळा उघडण्याच्या आदल्या दिवशी त्यांनी माझी पत्र्याची पेटी पुसली, तिची कडी ठोकून नीट केली आणि सकाळी ती डोक्यावर घेऊन एसटीच्या थांब्यापर्यंत चालत आले. पुढल्या जानेवारीत ते मिरचीला गेले ते माझ्याशिवाय.

दहावीत मला इंग्रजीत फार गुण मिळाले नाहीत. पण मी उत्तीर्ण झाले. आज माझ्या वर्गात पत्रलेखन आले की मी प्रत्येकाला आधी एवढेच विचारते, ''तुझे वडील कुठे आहेत?'' जानेवारीत या प्रश्नाला मिळणारी उत्तरे अजूनही फारशी बदललेली नाहीत. म्हणूनच ही शाळा, तिचे वसतिगृह आणि तेथील दोन वेळचे जेवण आजही तितकेच आवश्यक आहे.