बशीबाहेरचं खाणं

किकवीत कुत्र्याच्या खाण्याचा वेगळा विचार सहसा कुणी करत नाही. उरलेली भाकरी, दूध आणि चिकनच्या दुकानातले पंजे-माना, एवढ्यावर वस्तीवरची कुत्री दणकट वाढतात. आमचा पांढरा स्पिट्झ मात्र, जेमतेम सहा किलोचा, पहिल्या वाढदिवसानंतर पंजे चाटायला लागला. कान लाल, पोटाखालची कातडी तांबूस, रात्रभर खाजवणं. कुणी कडुलिंबाचं पाणी सांगितलं, कुणी हळद. एका ठिकाणी स्टेरॉइडचं इंजेक्शन दिलं. खाज आठवडाभर थांबली आणि पुन्हा आली. तशी ती येणारच, कारण अशा इंजेक्शनने खाज दबते, तिचं मूळ जात नाही.

खाण्यावर संशय घेण्याआधी पिसवा बघा, हे मी आता प्रत्येकाला सांगतो. शेपटीच्या मुळाशी बारीक फणी फिरवायची आणि निघालेले काळे कण ओल्या पांढऱ्या कापसावर ठेवायचे. लालसर डाग पसरला तर ती पिसवांची विष्ठा, म्हणजे पचलेलं रक्त. गोठा जवळ असेल तर हे हमखास. खरूज, बुरशी आणि कानातला जंतुसंसर्ग यांची लक्षणंही अगदी अशीच दिसतात. त्यासाठी कातडी खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली पाहावी लागते. आपल्याला नीरा ओलांडली की शिरवळला क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, त्यामुळे अंदाजपंचे औषधं करायचं काही कारण नाही. एवढं करूनही खाज राहिली, तरच जेवणाकडे वळायचं.

जेवणात दोष बहुधा प्रथिनाचा निघतो. ॲलर्जी सिद्ध झालेल्या कुत्र्यांचा एक आढावा 2016 साली प्रसिद्ध झाला. त्यात गोमांस 34 टक्के, दूध 17, चिकन 15 आणि गहू 13 टक्के कुत्र्यांना बाधलं होतं. गोमांस आपल्याकडे दिलं जात नाही, पण पुढची तिन्ही नावं वाचून मी गप्प झालो. दूध-चपाती आणि वर चिकन, हाच तर आपला लाडाचा घास! भात त्या यादीत अगदी तळाला होता. त्यामुळे ‘ग्रेन-फ्री’ लिहिलेला महागडा पुडा आणायची घाई नको. 2018 पासून अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने अशा काही खाद्यांचा हृदयविकाराशी संबंध आहे का, याची चौकशी केली. ठाम निष्कर्ष निघाला नाही, पण धान्य वगळल्याने खाज जाते असंही नाही. भोरच्या शेतातला इंद्रायणी तांदूळ बिचारा निर्दोष आहे.

मग कुत्र्याने आजवर न खाल्लेलं एकच मांस निवडायचं. आमच्याकडे बोकडाचं ठरलं. दुकानात मटणाचं चित्र असलेला पुडा मिळाला, मागच्या बारीक अक्षरांत मात्र चिकनही होतं. पुडा उलटा करून वाचल्याशिवाय पैसे देऊ नका. शेवटी साधं मटण उकडून भातात कालवलं. घरच्या रश्श्यातलं नाही: कांदा-लसणाने कुत्र्याच्या तांबड्या पेशी फुटतात, आणि लहान जिवाला थोडाही पुरतो.

हे पथ्य किमान आठ आठवडे पाळावं लागतं आणि ते मोडतं बशीबाहेर. पोरं ग्लुकोज बिस्किट देतात, म्हणजे गहू आणि दूध. शेजारी मायेने हाड टाकतात. गोचिडांची चघळायची गोळीसुद्धा मांसाच्या चवीची असते. त्याऐवजी मानेवर सोडायचं औषध डॉक्टरांना विचारावं. सहा किलोच्या कुत्र्याचा दिवसाचा आहारच मुळात मूठ-दोन मूठ, त्यात एक बिस्किट म्हणजे चवीपुरतं नव्हे, चांगलाच हिस्सा. मी फाटकाला पाटी लावली, ‘कुत्रा औषधावर आहे, काही घालू नका’. पथ्य म्हटलं तर लोक हसतात, औषध म्हटलं की ऐकतात.

खाज गेली म्हणून तिथेच थांबू नका. जुनं खाणं मुद्दाम परत द्या; दोष त्याचाच असेल तर बहुतेक वेळा दोन आठवड्यांत खाज परत येते. रक्ताची किंवा लाळेची चाचणी करून हे समजत नाही. आमच्याकडे चिकन दिल्यावर पंजे चाटणं पुन्हा सुरू झालं, आणि शंका मिटली.

नुसता मटण-भात कायमचा मात्र नको. बिनहाडाच्या मांसात कॅल्शियम जवळपास नसतंच, आणि वाढत्या पिल्लाची हाडं त्याने वाकतात. उकडलेलं हाड देऊन ती भर काढू नये, ते फुटून आतड्याला टोचतं. पूरक किती द्यायचं हे डॉक्टरांकडून वजनावर ठरवून घ्या, किंवा चिकन नसलेलं पूर्ण आहाराचं खाद्य आठवडाभर थोडं थोडं मिसळत सुरू करा. आम्ही दुसरा मार्ग धरला. अंडं वेगळं देऊन पाहिलं, ते चाललं. दुधाची परीक्षा अजून व्हायची आहे, आणि आई रोज सकाळी विचारते, ‘आज देऊ का रे बशीभर?’